बाबांचा उजवा गुडघा

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बाबांचा फोटो हवा आहे. येत्या झेंडावंदनाला गेटपाशी आपल्या परिवारातल्या वीरांचा फलक लावायचा आहे म्हणे, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की तिसऱ्या माळ्यावरच्या नर्सबाईंचे वडील लढाईत होते. मी त्यांना चहा दिला आणि फोटो काढून दाखवला. डोक्यावर टोप, टोपावर बत्ती, अंगभर कोळसा, डोळे तेवढे पांढरे. माझ्याकडे असलेला बाबांचा सगळ्यात चांगला फोटो तोच. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, मेडलवाला नाही का एखादा? हा थोडा... म्हणजे लोकांना कळणार नाही." लोकांना कळणार नाही, हे त्यांचं खरं आहे. लोकांना ते कधीच कळलं नाही. शोधून देते म्हणून मी त्यांना वाटेला लावलं, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. या वयात इतकं तापू नये असं माझी सून म्हणते. पण थंड डोक्यानं लिहिण्यासारखी ही गोष्ट नाही.

आमचं क्वार्टर खदानीच्या कॉलनीत होतं, नागपूरहून पारशिवनीकडे जाताना कोळशाचा पट्टा लागतो तिकडे. दोन खोल्या, मागं नहाणी, पुढं वीतभर अंगण आणि त्यात माझ्या मायनं जगवलेलं एक लिंबाचं झाड. त्या झाडाची पानं कधी हिरवी दिसली नाहीत. दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचा. आवाजांचं म्हणाल तर कॉलनी कधी गप्प नसायची. पाळी बदलायचा भोंगा, कोळसा चाळायच्या जाळीची खडखड, शेजारच्या छत्तीसगढी काकूंचा रेडिओ. या सगळ्या गलक्यातून आम्हा भावंडांना एक आवाज नेमका ओळखू यायचा, तो म्हणजे बाबांच्या गमबुटांचा. खदानीतून घरी येताना वाटेत मॅनेजरचं ऑफिस लागायचं. त्या ऑफिससमोरून बाबांची पावलं सरळ, एकसारखी, परेडवर पडावी तशी पडायची. ऑफिसची भिंत संपून हातपंपाचं वळण आलं, की तोच माणूस दुसऱ्याच आवाजात चालायला लागायचा. एक पाऊल पडायचं आणि दुसरं घासत यायचं. थप्प, घस्स. थप्प, घस्स. तो आवाज आला की माय चुलीवरचा तवा पुढं ओढायची.

घासत यायचा तो उजवा पाय. सरहद्दीवरच्या लढाईत बाबांच्या गुडघ्यात तोफगोळ्याचे छर्रे घुसले होते. फौजेच्या दवाखान्यात बाकीचे काढले, एक आत राहिला. तो काढायला गेलं तर पायच जाईल म्हणून डॉक्टरांनी तो राहू दिला. थंडीत तो छर्रा चामडीखालून बोटाला लागायचा. आम्ही मुलं पाळीपाळीनं हात लावून पाहायचो आणि बाबा आम्हाला पाहू द्यायचे. लढाईच्या गोष्टी सांगा म्हटलं तर मात्र ते पलटणीतल्या खिचडीबद्दल सांगायचे, नाहीतर एका खेचराबद्दल, जे फक्त बाबांचंच ऐकायचं. पेन्शनीवर आल्यावर त्यांना खदानीत नोकरी लागली ती चौकीदाराची म्हणून. माजी सैनिक आहात, गेटवर बसा, असं सांगून बोलावलं. बोलावल्यावर म्हणाले, गेटवरच्या जागा भरल्या, जमिनीखाली टिंबरमध्ये आहे एक. टिंबर म्हणजे खदानीचं छत बसू नये म्हणून त्याला लाकडी बल्ल्यांचे टेके द्यायचे. खांद्यावर बल्ली घ्यायची आणि वाकून उतारावरून खाली, तितकंच वर. दोन धड गुडघ्यांच्या माणसाचं काम ते. बाबा म्हणाले, "जी साब." आणि गेटवर कोण बसलं, तर ऑफिसातल्या मोठ्या बाबूचा धडधाकट साळा. मी तो माणूस रोज शाळेत जाताना बघायची. स्टुलावर बसून शेंगा खायचा.

आता सत्काराचं सांगते. दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला कॉलनीच्या मैदानात मंडप पडायचा आणि पहिल्या रांगेत, साहेबलोकांच्या शेजारी, बाबांची खुर्ची असायची. मायनं कोळशाच्या इस्त्रीनं कडक केलेला निळा कोट, त्यावर मेडलं. झेंडा झाला की माइकवरून बाबांचं नाव पुकारायचे आणि मॅनेजर त्यांना शाल नि नारळ द्यायचे. टाळ्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला बाबा बल्ली खांद्यावर घेऊन खाली. वर्षाला एक सत्कार, आणि बाकीच्या दिवशी कुणी विचारत नव्हतं की हा माणूस लंगडतो का. आमच्या घरात माझ्या आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून नारळ फोडायची रीत गेलेली होती, त्यामुळे पहिल्या नारळाचं काय करायचं हे मायला कळेना. मग तिनं तोडगा काढला. नारळ वाळवायचा, त्याचं खोबरं भाजायचं आणि कोंबडीच्या रश्शात वाटून घालायचं. त्याला ती मॅनेजरचं खोबरं म्हणायची. शाली शिवून तिनं वाकळ केली. सत्कार आम्ही असा खाल्ला आणि पांघरला. नुसतं हसण्यावारी नेलं असतं तर तेवढ्यावर संपलं असतं, पण माय हसत नव्हती. वाकळीला टाके घालताना ती सुई अशी टोचायची की मला त्या मॅनेजरची काळजी वाटायची.

मायच्या मनात एकच होतं, बत्तीघर. खदानीत उतरणारा प्रत्येक जण टोपावरची बत्ती जिथून घेतो आणि परत आल्यावर जिथं देतो, ती जमिनीवरची खोली. आत बसून बत्त्या चार्जिंगला लावायच्या, पुसायच्या, खिडकीतून द्यायच्या. बाबांचा गुडघा तोवर संध्याकाळी पपईएवढा सुजायला लागला होता. माय विटकरीचा तुकडा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायची, आणि बाबा दात दाबून गूळ चघळत बसायचे. खदानीतली माणसं धुळीवर उतारा म्हणून गूळ खायची, बाबा गुडघ्यावरही तोच उतारा करायचे. एक दिवस बत्तीघरातला म्हातारा रिटायर झाला. मायनं दुसऱ्याच दिवशी बाबांना अर्ज द्यायला लावला आणि उत्तर आलं, मेडिकल बोर्डासमोर या, तब्येत पाहून ठरवू.

मग आमच्या घरात तालीम सुरू झाली. कारण माय बाबांना ओळखून होती. पाय मोडला तरी साहेबाला "ठीक आहे" म्हणणारा माणूस. ती पाटावर बसायची, हातात लाटणं घ्यायची, ते डॉक्टरचं. बाबा समोर उभे.

"काय होते तुमाले?" माय डॉक्टर व्हायची.

"थोडंसं दुखते."

"थोडंसं नाही जी! थोडंसं म्हणसान तर थोडंसंच लिहीन थो. लय दुखते म्हणा. पायरी उतरता येत नाही म्हणा."

"पायरी तं उतरतो नं मी रोज."

"रोज उतरता म्हणूनच तं सुजते नं! खोटं बोला म्हणून राहिली का मी? जे हाये थे सांगा. ज्याचं जयते त्याले सांगता येत नाही, तं दुसऱ्याले काय कयन?"

आम्ही हसून लोळायचो. बाबाही हसायचे. पण माय पुन्हा लाटणं उगारायची आणि बाबा पुन्हा सांगायचे. शेवटी शेवटी तर ते छान सांगायला लागले होते. बसलं की उठता येत नाही, उठलं की बसता येत नाही, रात्री कूस बदलली की कळ मस्तकात जाते. सगळं खरं. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघत होतं, म्हणून आम्हालाही नवीन होतं. माझं हसणं तेव्हाच कधीतरी थांबलं.

बोर्ड बसलं कॉलनीच्या दवाखान्यात. माय आणि मी व्हरांड्यात, खिडकीला लागून उभ्या. आत दोन डॉक्टर होते आणि मधल्या खुर्चीत ते, ज्यांना सगळी कॉलनी कॅप्टनसाहेब म्हणायची. खदानीचे कामगार अधिकारी. तेही फौजेतून आलेले, म्हणून माय सकाळपासून खूश होती. मला म्हणाली, "बरं झालं पोट्टे. फौजवाल्याले फौजवाल्याचं कयते." बाबा आत गेले, लंगडतच गेले, मायनं तशी सक्त ताकीद दिली होती. डॉक्टरनं कागदावरून डोकं वर काढलं आणि काही विचारणार, तेवढ्यात कॅप्टनसाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "जवान! सावधान!"

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाबांच्या टाचा खटकन जुळल्या. छाती पुढं, हनुवटी वर, दोन्ही गुडघे सरळ, तो उजवासुद्धा. माझ्या बापाला इतकं ताठ मी मेडलं लावल्यावरही पाहिलं नव्हतं.

"कोई तकलीफ?"

"नहीं साब!"

झालं. बोर्ड संपलं. कॅप्टनसाहेब हसत हसत डॉक्टरांकडे वळले. "देखा? फौलाद है फौलाद. इसको बत्तीघर में बिठाओगे?" डॉक्टरही हसले. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं सही केली. कुणी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करा म्हणालं नाही. माय खिडकीच्या गजांतून ओरडली, "अवो साहेब, पाय तं पाहा त्यायचा!" तर शिपाई येऊन आम्हाला व्हरांड्यातून हाकलून गेला. बत्तीघर कुणाला मिळालं हे सांगायलाच हवं का? शेंगा खाणाऱ्यालाच मिळालं. गेटवर म्हणे त्याला ऊन लागायचं.

बाबांनी घरी आल्यावर मला सांगितलं ते असं. पलटणीत दर आठवड्याला साहेब सगळ्या जवानांना समोर बसवायचे, त्याला दरबार म्हणायचे. शेवटी साहेब विचारायचे, कोई तकलीफ? आणि सगळे एका आवाजात ओरडायचे, नहीं साब. कुणाची माय मेलेली असो, कुणाला ताप असो. त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. "मी तं सांगाले तयार होतो वं," बाबा म्हणाले, "पण त्यानं तसं इचारलं नं. तसं इचारलं का तोंडातून थेच निघते." माय आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. त्या दिवशी गुडघा बाबांनी स्वतःच शेकला.

आयुष्यभर मी नोकरीत हेच काम केलं आहे, दुखणाऱ्या माणसाला विचारायचं, कुठं दुखतं. त्यामुळे मी अधिकारानं सांगते, कॅप्टनसाहेबांची ती चूक नव्हती. चूक असती तर मी केव्हाच विसरले असते. त्यांना त्या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. स्वतः दरबारात बसून त्यांनी ते शेकडो जवानांच्या तोंडून ऐकलेलं होतं. कुठल्या कळीनं हा माणूस ताठ होतो हे फौजेतल्याच माणसाला ठाऊक, आणि त्यांनी नेमकी तीच कळ दाबली. शत्रूनं बाबांच्या पायात लोखंड घातलं, ते लढाईत घातलं. यांनी खुर्चीत बसून, हसत हसत, त्या लोखंडावर बाबांना उभं केलं. मला यातला जास्त राग कुणाचा येतो हे विचारू नका.

पुढं दोनच महिन्यांत झेंडावंदन आलं. मायनं इस्त्रीला हात लावला नाही. "मी नाही येत आणि कोटही नाही करत. तुमाले जायचं तं जा त्या फौलादाच्या तमाशाले." बाबांनी स्वतः निखारे भरले, स्वतः कोट कडक केला, बाहीवर एक चुणी तशीच राहिली. मी त्यांच्याबरोबर गेले. मला वाटत होतं त्यांनी जाऊ नये, पण झेंडा म्हटल्यावर ते न जाणं शक्यच नव्हतं. ऑफिससमोरून आम्ही गेलो तेव्हा ते सरळ चालले, नेहमीसारखेच. मला त्या वेळी त्यांचाही राग आला, हे खरं आहे.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत होईपर्यंत बाबा उभे होते, हाताची मूठसुद्धा हलली नाही. मग सगळे बसले आणि कॅप्टनसाहेबांनी माइक घेतला. त्या वर्षी ते रंगात होते. म्हणाले, हमारे बीच एक ऐसा जवान है जो घुटने में लोहा लेकर रोज खदान उतरता है, और आज तक जिसने कभी शिकायत नहीं की. कभी नहीं! टाळ्या. मॅनेजर शाल घेऊन उभे राहिले. बाबांचं नाव पुकारलं. बाबा उठले नाहीत.

पुन्हा पुकारलं. मी मागच्या सतरंजीवर बसले होते, मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. कॅप्टनसाहेब हसले, माइकची वायर ओढत मंचाच्या पायऱ्या उतरून बाबांच्या पुढ्यात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले, "क्या हुआ जवान? कोई तकलीफ?" आणि माइक बाबांच्या तोंडापुढं धरला.

मला ऐकू आला तो बाबांचा श्वास. कॉलनीत चौकाचौकात खांबांवर कर्णे बांधलेले होते, त्या सगळ्यांतून तो श्वास ऐकू आला. मग बाबा म्हणाले, "है साब."

कॅप्टनसाहेबांनी माइक मागं घ्यायला हवा होता. त्यांना सुचलं नाही.

"है साब. घुटना दुखता है. बहुत दुखता है." बाबांचा आवाज चढला नव्हता. मग त्यांची हिंदी संपली आणि घरच्या तालमीतलं सगळं बाहेर पडायला लागलं, तसंच्या तसं, मायच्या शब्दांत. "बसलो तं उठता येत नाही. उठलो तं बसता येत नाही. पायरी उतरतो तं कळ मस्तकात जाते. झेंड्यासाठी उभा रायलो साहेब. शालीसाठी नाही होत उभं."

कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी घोषणाही दिली नाही. लोक खाली बघत होते. मॅनेजरनी घाईघाईनं पुढं येऊन बसलेल्याच बाबांच्या अंगावर शाल टाकली, नारळ मांडीवर ठेवला, आणि कुणीतरी गाण्याची रेकॉर्ड लावून दिली. सतरंजीवर माझ्या शेजारी बसलेल्या छत्तीसगढी काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांच्याही घरातला माणूस खाली उतरायचा. त्यालाही कुठंतरी दुखतच असणार.

म्हणून बत्तीघर मिळालं का? नाही मिळालं. पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत बाबांची खुर्चीच नव्हती. बाबांनी मागच्या सतरंजीवर, आमच्यात बसून झेंडा पाहिला. त्यांना जमिनीवरच्या कामाला आणलं ते नंतर आलेल्या मॅनेजरनं, काही पावसाळे उलटून गेल्यावर, आणि तेही कुठल्या बोर्डानं नाही. ऑफिसच्या खिडकीतून त्याला रोज एक आवाज ऐकू यायचा, त्यानं एकदा बाहेर येऊन विचारलं, हा कोण चालतो? एवढंच. इतक्या वर्षांत जे कुणाला करता आलं नाही ते एवढंच होतं. तोवर गुडघा वाकायचा थांबला होता, आणि शेवटी शेवटी माझ्याच वॉर्डात आम्ही त्यांना उचलून बसवायचो. सेक्रेटरींना मी तो बत्तीवाला फोटोच देणार आहे. लावायचा तर तो लावा, नाहीतर जागा रिकामी ठेवा.

पण त्या झेंडावंदनाचं अजून थोडं राहिलं. कार्यक्रम संपला. बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. शाल खांद्यावर, नारळ मला धरायला दिला. आम्ही निघालो तो रस्ता ऑफिससमोरूनच जात होता. व्हरांड्यात साहेबलोक पेढे खात उभे होते, कॅप्टनसाहेबही होते. मी बाबांकडे पाहिलं. आता पाठ ताठ होईल, पावलं सरळ पडतील, म्हणून वाट पाहिली.

तसं झालं नाही. थप्प, घस्स. बाबा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लंगडत चालले होते, नेहमीपेक्षा सावकाश. आम्ही भिंत ओलांडली, हातपंपाचं वळण आलं, आणि पाहतो तर माय तिथं येऊन उभी होती, हात पिठाचे तसेच. कर्ण्यातून तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आज तुमचे पाय तिकडूनच आयकू आले जी." आणि माझ्या हातातला नारळ घेऊन पुढं चालू लागली.